टाइप-सीची सक्ती करायची, तर केबलीसकट करा

भारतात विकल्या जाणाऱ्या सगळ्या फोनना एकच चार्जिंग पोर्ट असावा का, हा वाद स्मार्टफोनपुरता जवळपास मिटला आहे. दहा हजारांच्या फोनलाही टाइप-सी आहे आणि लाखाच्या फोनलाही. तरी घरात चार माणसांचे चार चार्जर असतात आणि जो तो आपलाच शोधत असतो. दुसऱ्याच्या चार्जरला फोन लावला की तो चार्ज होतो खरा, पण रडतखडत. पोर्टचा आकार एक झाला, पण किती वीज द्यायची-घ्यायची याची चार्जर आणि फोन यांच्यात त्यातून चालणारी बोलणी एक झाली नाहीत. सरकारला सक्ती आणायची असेल तर ती या बोलण्यांवर, वीज वाहून नेणाऱ्या केबलीवर आणि दोन्हींवर छापायच्या आकड्यांवर आणावी. नुसत्या आकाराची सक्ती म्हणजे बाजाराने आधीच केलेले काम कागदावर उतरवणे. त्यातून ग्राहकाच्या पदरात काही पडणार नाही.

आपल्याकडची चर्चा युरोपातून आली, म्हणून तिथे नेमके काय झाले ते पाहायला हवे. २००९ मध्ये युरोपीय आयोगाच्या पुढाकाराने मोबाइल कंपन्यांनी मायक्रो-यूएसबीवर एकमत केले. करार ऐच्छिक होता आणि त्यात अडॅप्टरची पळवाट होती. ॲपलने तीच धरली आणि आधी तीस पिनांचा, मग २०१२ पासून लाइटनिंग हा स्वतःचाच पोर्ट चालू ठेवला. ऐच्छिक कराराची दहा-बारा वर्षे अशी गेल्यावर आयोगाने कायद्याचा रस्ता धरला. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी युरोपीय संसदेने ६०२ विरुद्ध १३ मतांनी तो मंजूर केला. फोन, टॅब्लेट, कॅमेरे, हेडफोन वगैरेंना तो २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला. लॅपटॉपसाठी तारीख ठेवली २८ एप्रिल २०२६. ॲपलने मुदतीची वाट न पाहता सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ टाइप-सीसह आणला, तोही जगभर. एका खंडाच्या कायद्याने लातूरच्या दुकानातला फोन बदलला.

आपल्याकडे या कायद्याची बातमी झाली ती पोर्टच्या आकाराची. त्यातली कळीची कलमे वेगळी आहेत. जे उपकरण ५ व्होल्टपेक्षा जास्त दाबाने, ३ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाहाने किंवा १५ वॅटपेक्षा जास्त शक्तीने चार्ज होते, त्याने यूएसबी पॉवर डिलिव्हरी ही सामाईक पद्धत स्वीकारलीच पाहिजे. कंपनीने स्वतःची वेगळी फास्ट चार्जिंग पद्धत ठेवायला हरकत नाही, पण तिच्यामुळे पॉवर डिलिव्हरीच्या पूर्ण कामात अडथळा येता कामा नये. खोक्यावर चार्जर आत आहे की नाही याचे चित्र हवे आणि फोनला कमीत कमी किती व जास्तीत जास्त किती वॅट लागतात हे आकड्यांत हवे. भारतातल्या ग्राहकाला खरा उपयोग या कलमांचा आहे. का, ते समजायला पोर्टच्या आत डोकवावे लागते.

टाइप-सी पोर्टमध्ये २४ पिना असतात, वर बारा आणि खाली बारा. चार पिनांतून वीज येते, चार अर्थिंगच्या, उरलेल्या बहुतेक डेटाच्या. दोन छोट्या पिनांना सीसी म्हणतात आणि सगळी बोलणी त्यांच्यावर चालतात. टाइप-सी चार्जर भिंतीला लावला तरी त्याच्या तोंडाशी वीज नसते. फोनच्या बाजूला प्रत्येक सीसी पिनेपासून अर्थिंगपर्यंत ५.१ किलोओहमचा एकेक रेझिस्टर असतो. केबल जोडली की चार्जरला तो जाणवतो आणि मगच ५ व्होल्ट सुटतात. चार्जरच्या बाजूलाही रेझिस्टर असतो आणि तो किती किलोओहमचा आहे यावरून फोनला कळते की किती प्रवाह ओढायचा: ५६ असेल तर यूएसबीचा साधा प्रवाह, २२ असेल तर दीड अँपिअर, १० असेल तर तीन. यापुढचे बोलणे डिजिटल असते. चार्जर यादी पाठवतो, '५ व्होल्ट, ९, १५, २०, प्रत्येकी इतके अँपिअर'. फोन त्यातला एक पर्याय मागतो, चार्जर होकार देतो आणि दाब बदलतो. याचाच पुढचा प्रकार म्हणजे पीपीएस. त्यात फोन दर थोड्या वेळाने २० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी हवा तेवढाच दाब मागून घेतो. दाब कमी-जास्त करण्याचे काम भिंतीवरच्या चार्जरात होते, फोनच्या पोटात उष्णता कमी होते आणि बॅटरी जास्त टिकते.

ही कल्पना प्रत्यक्ष बाजारात आणण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात चिनी कंपन्यांना द्यायला हवे. ओप्पोने २०१४ मध्ये व्हूक ही स्वतःची फास्ट चार्जिंग पद्धत आणली तेव्हा पॉवर डिलिव्हरीचे फोन दुकानांत नव्हतेच. दाब कमी ठेवायचा, अँपिअर वाढवायचे आणि गरम होण्याचे काम चार्जरकडे सोपवायचे, हा विचार उत्तम होता. वीस हजारांच्या फोनमध्ये ६७ किंवा ८० वॅट मिळू लागले ते त्यामुळेच. म्हणून कंपन्यांच्या या पद्धती बंद कराव्यात असे मी म्हणत नाही.

आक्षेप आहे तो त्यांच्या एकलकोंडेपणावर. ८० वॅटचा असा फोन ६५ वॅटच्या चांगल्या लॅपटॉप चार्जरला लावला तर पुष्कळदा तो १० ते १८ वॅटच घेतो. चार्जरमध्ये ताकद आहे, केबल धड आहे, पोर्टही तोच आहे. दोघांना समजणाऱ्या बोलीत फोनची मागणीच तेवढी आहे. ग्राहक मात्र चार्जरला खराब ठरवतो आणि कंपनीचाच दुसरा विकत घेतो. अलीकडचे काही फोन पीपीएसवरही बऱ्यापैकी वेग घेतात, पण किती वॅटपर्यंत, हे खोक्यावर सापडत नाही. '८० वॅट फास्ट चार्जिंग' मोठ्या अक्षरांत छापलेले असते आणि ते कुठल्या चार्जरने मिळते हे एखाद्या कोपऱ्यात बारीक टाइपात. भारताच्या बाजारात व्हिवो, ओप्पो, शाओमी, रिअलमी यांचा वाटा इतका मोठा आहे की ही उणीव युरोपपेक्षा इथे कितीतरी जास्त घरांना भोवते. माझी मागणी अगदी मोजकी आहे. फोनने स्वतःच्या पद्धतीने हवे तितके वॅट घ्यावेत, पण सामाईक पॉवर डिलिव्हरीवर त्याला किमान २५-३० वॅट घेता आलेच पाहिजेत. पाच हजार मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला, म्हणजे साधारण १९ वॅट-तासांना, तेवढ्यात तास-सव्वा तास लागतो आणि रोजच्या वापराला ते भरपूर आहे.

आता केबल. या सगळ्या चर्चेत सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत जास्त फसवणारी वस्तू हीच.

हिशेब साधा आहे. बारीक, २८ गेजच्या (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक) तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम असतो. एक मीटरच्या केबलीत वीज जाते आणि परत येते, म्हणजे एकूण सुमारे ०.४३ ओहम. तिच्यातून २ अँपिअर गेले की ०.८५ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. चार्जरने ५ व्होल्ट दिले तरी फोनपाशी सव्वाचार पोचत नाहीत आणि बॅटरी तर ४.२ ते ४.४ व्होल्टपर्यंत भरायची असते. फोन दाब पडतोय हे ओळखून प्रवाह कमी करतो. लोक म्हणतात, 'फोन जुना झाला.' हीच तार २४ गेजची असती तर गळती ०.३५ व्होल्टच्या आत राहिली असती. चांगल्या केबलीच्या आवरणावर गेज बारीक अक्षरांत छापलेले असते आणि विजेच्या तारांसाठी तिथे २४ किंवा त्याहून लहान आकडा असावा. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ढिगाने मिळणाऱ्या स्वस्त केबलींवर तो क्वचितच दिसतो आणि आत तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम निघाले तर रोध आणखी वाढतो. वरच्या हिशेबातून ९ व्होल्टवरचे चार्जिंग का सोयीचे तेही कळते. प्रवाह तोच असेल तर गळतीही तेवढीच, पण ५ मधून गेली तर सतरा टक्के, ९ मधून गेली तर साडेनऊ.

दुसरी बाब चिपची. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली साधी केबल ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅटपर्यंत चालते. त्यापुढे ५ अँपिअर न्यायचे तर केबलीच्या टोकात ई-मार्कर नावाची चिप हवी. 'मी पाच अँपिअरची आहे' हे ती चार्जरला सांगते. चिप नसेल तर १०० वॅटचा चार्जरही ६० वरच थांबतो. २०२१ च्या पॉवर डिलिव्हरी ३.१ पासून ही मर्यादा ४८ व्होल्ट, ५ अँपिअर म्हणजे २४० वॅटपर्यंत गेली. ६० वॅटची केबल, २४० वॅटची केबल, डेटा अजिबात न वाहणारी केबल, सगळ्यांची टोके एकसारखी. आयफोन १५ ची गंमत पाहा: साध्या मॉडेलचा पोर्ट ४८० मेगाबिटच्या यूएसबी २ वेगाचा, प्रोचा १० गिगाबिटचा, आणि प्रोच्या खोक्यातली केबलही यूएसबी २ चीच. पूर्ण वेग हवा तर केबल वेगळी विकत घ्यायची.

तिसरा प्रकार धोक्याचा. एका टोकाला जुना यूएसबी-ए आणि दुसऱ्याला टाइप-सी अशा केबलीत टाइप-सीच्या टोकात ५६ किलोओहमचा रेझिस्टर असलाच पाहिजे. तिथे १० किलोओहमचा बसवला तर फोनला वाटते समोर ३ अँपिअरचा चार्जर आहे आणि तो तेवढे ओढू लागतो. समोर असतो जुन्या लॅपटॉपचा अर्ध्या अँपिअरचा पोर्ट. तो तापतो, बंद पडतो, कधी कायमचा जातो. २०१५-१६ मध्ये गूगलमधले अभियंते बेन्सन लेउंग यांनी ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या केबली एकेक करून तपासल्या आणि अशा चुकीच्या रेझिस्टरच्या कितीतरी उघडकीला आणल्या. चुकीच्या जोडणीच्या एका केबलीने त्यांचा स्वतःचा लॅपटॉप जळाला. त्यानंतर ॲमेझॉनने नियमात न बसणाऱ्या टाइप-सी केबलींच्या विक्रीवर बंदी घातली. हे काम एका माणसाच्या चिकाटीने झाले. आपल्याकडे ते नियामकाने करायला हवे.

त्यासाठी लागणारी यंत्रणा आपल्याकडे अर्धी तयार आहे. मोबाइलच्या चार्जरला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. चार्जरवर 'आर' अक्षरापुढे आठ आकडी क्रमांक असतो आणि तो ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की उत्पादक कोण ते समोर येते. बनावट चार्जरात ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंमधले पाच-सहा मिलिमीटरचे सुरक्षित अंतर पाळलेले नसते. न्यूट्रल तुटून घरात चारशेच्या आसपास व्होल्ट आले की तोच आधी फुटतो, म्हणून हा क्रमांक पाहण्याची सवय मोलाची आहे. केबलीवर मात्र असा क्रमांक दिसत नाही. चार्जर तपासायचा आणि त्यातून ५ अँपिअर वाहून नेणारी वायर मोकळी सोडायची, याला काही अर्थ नाही. केबलही नोंदणीत आणावी आणि तिच्या टोकावर वॅट व डेटाचा वेग ठसठशीत छापणे बंधनकारक करावे. '६० वॅट, ४८० मेगाबिट' एवढे दोन आकडे पुरेत.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये उद्योगाशी बैठक घेतली. नोव्हेंबरमध्ये आंतरमंत्रालयीन कृतिदलाच्या बैठकीत स्मार्टफोन, टॅब्लेट आणि लॅपटॉपसाठी टाइप-सीवर सहमती झाली. जानेवारी २०२३ मध्ये मानक ब्यूरोने टाइप-सीचे भारतीय मानक, आयएस/आयईसी ६२६८०-१-३, प्रसिद्ध केल्याचे जाहीर केले. मानकाच्या शेवटच्या आकड्याकडे लक्ष द्यावे. १-३ हा भाग पोर्ट, प्लग आणि केबलीचा आहे. पॉवर डिलिव्हरीचा भाग १-२. युरोपच्या कायद्यात दोन्हींचा उल्लेख आहे. आपल्या सक्तीच्या आदेशात फक्त १-३ आला, तर आज जे आहे तेच उद्या सक्तीचे होईल.

विरोधातला सगळ्यात भारदस्त मुद्दा नावीन्याचा. ॲपलने युरोपात तोच मांडला होता: कायद्याने एक पोर्ट गोठवला तर पुढचा चांगला पोर्ट कधी जन्मालाच येणार नाही. मुद्दा पोकळ नाही. २००९ चा करार सक्तीचा असता तर मायक्रो-यूएसबीत अडकण्याचा धोका खराच होता. टाइप-सीही परिपूर्ण नाही. त्याच्या पिनांमधले अंतर अर्ध्या मिलिमीटरचे आणि विजेच्या पिनेला लागूनच सीसी पिन. कोकणातल्या पावसाळ्यात खिशातला दमट कचरा तिथे बसला आणि फोन तसाच चार्जिंगला लावला की पिनांवर हिरवट गंज धरतो. २० व्होल्टची वीज शेजारच्या सीसी पिनेत उतरली तर बोलणी करणारी चिपच जाते. शिवाय पोर्टच्या मध्यभागी पातळ जीभ असते, ती सुईने कचरा काढताना वाकते. लाइटनिंगचा पोर्ट आतून मोकळा होता आणि या एका बाबतीत तो उजवा होता.

तरीही सक्तीच्या बाजूने माझा कौल आहे. २०१४ पासून टाइप-सीचा आकार तोच राहिला आणि त्यातून जाणारी शक्ती २४० वॅटपर्यंत, डेटा ८० गिगाबिटपर्यंत पोचला. नावीन्य आकाराच्या आत चालूच राहिले. युरोपच्या कायद्यात तंत्रज्ञानाबरोबर तरतुदी बदलण्याचा अधिकार आयोगाकडे ठेवला आहे. आपल्या आदेशातही दर तीन-चार वर्षांनी फेरविचाराचे कलम असावे म्हणजे हा प्रश्न उरत नाही. वायरलेस चार्जिंग येतेच आहे, पोर्टची चिंता कशाला, असेही म्हटले जाते. क्यूआय२ या वायरलेस मानकात चुंबक आल्यापासून ते सोयीचे झाले आहे, पण भिंतीतून घेतलेल्या विजेचा चांगला हिस्सा त्यात उष्णतेत जातो आणि आपल्या मे महिन्यात फोनला ती झेपत नाही.

ई-कचऱ्याचा मुद्दा मात्र युरोपातून जसाच्या तसा उचलणे चुकीचे आहे. न वापरलेल्या चार्जरचा वर्षाला सुमारे ११,००० टन कचरा होतो, असा तिथला अंदाज. म्हणून खोक्यातून चार्जर काढण्याला त्यांनी वाट करून दिली. ती वाट घरात चांगला चार्जर आधीच आहे असे गृहीत धरते. आपल्याकडे ज्याच्या घरी नाही, तो चार्जरशिवायचा फोन घेऊन निघतो आणि रस्त्यावरून दोनशे रुपयांचा बिननोंदणीचा चार्जर घेतो. सामाईक पद्धत, वॅटचे आकडे आणि केबलीची नोंदणी हे तिन्ही झाल्यावरच चार्जर वेगळा विकायची मुभा द्यावी. किमतीतून चार्जरचे पैसे वजा करून दाखवणेही तेव्हा सक्तीचे असावे. युरोप आता चार्जरच्याही मागे लागला आहे. २०२५ च्या नव्या नियमांनुसार २०२८ च्या अखेरीपासून तिथल्या यूएसबी चार्जरला किमान एक टाइप-सी पोर्ट आणि सुटी होणारी केबल लागेल.

पोर्टच्या दुरुस्तीबद्दल बोलणे कुणाच्या अजेंड्यावर नाही, तेही घालावे. टाइप-सीच्या पोर्टला दहा हजार वेळा काढण्या-घालण्याची क्षमता ठरवून दिली आहे. म्हणजे दिवसातून तीनदा धरले तरी नऊ वर्षे. तरी पोर्ट लवकर जातात ते बहुधा आडव्या ताणाने: चार्जिंगला लावून फोन वापरणे, वायरीला धरून ओढणे. 'पोर्ट ढिला झाला' म्हणून येणारे पुष्कळसे फोन मात्र धडधाकट असतात. तळाशी खिशातला कापूस दाबून बसलेला असतो आणि प्लग पूर्ण आत जात नाही, अर्धा-एक मिलिमीटर बाहेर दिसतो. फोन बंद करून बारीक प्लास्टिकच्या किंवा लाकडी काडीने, जिभेला धक्का न लावता कडेकडेने तो काढला की खट्कन बसतो. पोर्ट खरेच गेला असेल तर बराच फरक रचनेने पडतो. तो वेगळ्या चार्जिंग पट्टीवर असेल तर कारागीर काही शे रुपयांत, अर्ध्या-पाऊण तासात पट्टी बदलतो. मुख्य बोर्डावर सोल्डर केलेला असेल तर हॉट एअरने काढावा लागतो, शेजारचे भाग तापतात आणि कधी बोर्डाचे पॅडच उखडतात. बहुतेक मध्यम किमतीच्या फोनमध्ये पट्टी असतेच. ती सगळ्यांत असावी आणि फोनची विक्री बंद झाल्यावरही पाच वर्षे मिळावी, हे कलम दुरुस्तीच्या हक्काच्या चर्चेत जायला हवे.

राहिले साधे, बटणांचे फोन. २०२२ च्या चर्चेत त्यांच्यासाठी वेगळा सामाईक चार्जर असावा असा सूर होता. मला तो पटत नाही. शेतावर, घरकामाला, रिक्षावर हाच फोन नेणाऱ्या माणसाच्या घरात मुलाचा टाइप-सी स्मार्टफोन असतोच, आणि दोन चार्जरांचा भुर्दंड नेमका त्याच घराला बसतो. आक्षेप खर्चाचा घेतला जातो. ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर घेणाऱ्या फोनला सगळ्या २४ पिनांची गरज नसते. वीज आणि सीसीपुरता सहा पिनांचा स्वस्त टाइप-सी पोर्ट मिळतो आणि त्याला ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात, ज्यांची किंमत पैशांत मोजावी लागते. खर्चाची अडचण तिथे येत नाही, कुचराई येते. टाइप-सी पोर्ट असलेले ट्रिमर, टॉर्च, इअरबडचे डबे आजही या दोन रेझिस्टरांशिवाय विकले जातात. खोक्यातल्या यूएसबी-ए केबलीने ते चार्ज होतात आणि चांगल्या टाइप-सी चार्जरला दोन्हीकडून टाइप-सी केबलीने लावले की ढिम्म. समोर रेझिस्टर दिसत नाही म्हणून चार्जर वीजच सोडत नाही. मोठ्यांच्याही हातून हे झाले आहे: २०१९ मध्ये रास्पबेरी पाय ४ या छोट्या एका-बोर्डाच्या संगणकाच्या पहिल्या बोर्डांत दोन सीसी पिनांना मिळून एकच रेझिस्टर दिला होता आणि ई-मार्कर केबलीने तो बोर्ड चालूच होत नव्हता.

म्हणून ब्यूरोच्या चाचणीत पहिली ओळ अशी असावी: नोंदणीकृत टाइप-सी चार्जर, दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल, एकदा साधी आणि एकदा ई-मार्करची, प्लग सुलट आणि उलट. चारही वेळा उपकरण चार्ज झाले पाहिजे. यात जे नापास होईल त्याला टाइप-सी म्हणून विकायला परवानगी देऊ नये.